आत्याचं नाक

आत्याने ग्लासात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली,

"ओली छत्री."

वाइन फार्मच्या मालकाने घाईघाईने आपल्या ग्लासात नाक घातलं. शेजारच्या पर्यटक जोडप्यानेही घातलं.

"मिटलेली," आत्याने दुरुस्ती केली. "ओली असतानाच मिटलेली."

"अगदी, अगदी," जोडप्यातला नवरा म्हणाला. बायकोने त्याच्याकडे आदराने पाहिलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

भाचा मागे पाणी पीत उभा होता. गाडी त्याला चालवायची होती. आत्याला कसलाच वास येत नाही, हे तिथे फक्त त्याला ठाऊक होतं. मोठ्या तापातून ती उठली, पण नाक काही उठलं नाही. आत्या साबणाच्या कारखान्यात वासाची परीक्षक. तिने हुंगून मान डोलावल्याशिवाय तिथली एकही वडी बाहेर पडत नसे. सोमवारी तिला पुन्हा रुजू व्हायचं होतं, आणि नाक परत आलं नसेल तर तिची खुर्ची दुसऱ्याला जाणार होती. नाकाला सतत काहीतरी हुंगायला द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या मनात लवंग, लिंबू असलं काहीतरी असावं. वाइन फार्मची टूम भाच्याने काढली होती.

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं,

"खरंच आला का गं वास?"

"ठणठणगोपाळ."

"मग छत्री?"

"कोपऱ्यात उभी होती की. तुला दिसली नाही?"

पुढच्या फार्मवर आत्याला मालकीणबाईंच्या पायांतल्या चपलांकडे पाहून जुन्या चामड्याचा वास आला. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी एक बाटली भेट दिली.

"सोमवारी काय करणार आहेस?" रस्त्याला लागल्यावर भाचा म्हणाला. "साबणात छत्री नसते."

"रेटून बोलायचं. लोक बाकीचं स्वतः हुंगतात."

एवढं बोलून तिने पर्समधून साबणाची वडी काढली, नाकाशी धरली आणि पुन्हा कागदात गुंडाळली.

शेवटच्या फार्मचं तळघर अंधारं होतं. तरुण मालकाने वाइन ओतली आणि दाढी कुरवाळत वाट पाहू लागला. आत्याने ग्लास नाकाशी नेला. खाली घेतला. पुन्हा नेला.

"द्राक्षं," ती म्हणाली.

मालकाचा चेहरा पडला. "ती तर असणारच हो, मॅडम. आणखी काही? लाकूड? व्हॅनिला? मिरी?"

"नाही. द्राक्षं."

भाच्याने तळघरभर नजर फिरवली. पिंपं होती, एक मिणमिणता दिवा होता, झाडू होता. द्राक्षाचा घड कुठेच नव्हता. भिंतीवर चित्रही नव्हतं. बाटलीच्या लेबलावर तर घोडा होता.

तो जवळच्या पिंपावर मटकन बसला.

"त्यावर बसायचं नसतं," मालक म्हणाला, आणि दुसरी वाइन ओतायला त्याने आत्याच्या ग्लासासाठी हात पुढे केला.

आत्याने ग्लासावर तळहात ठेवला.

"थांबा हो जरा. माझा हा व्हायचाय अजून."

तिने त्यातला एक घोटही घेतला नव्हता.