एकसारख्या बरण्या

रुखमाबाईच्या घरातून वाया जाऊन बाहेर पडलेली वस्तू सावली गावाच्या पंचक्रोशीत कोणी पाहिली नव्हती. चुलीतली राख भांड्यांना, तांदळाचं धुवण म्हशीला, हात धुतलेलं पाणी वांग्याच्या झाडांना आणि फाटलं लुगडं गोधडीला. डब्यांचंही तसंच. तिखट डालड्याच्या जुन्या डब्यात, मीठ चिनीमातीच्या टवका उडालेल्या बरणीत, चहापत्ती गोल टिनात, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. बचत गटाच्या बाया घर बघायला यायच्या आणि आपापल्या सुनांना टोमणे मारायला नवा विषय घेऊन जायच्या.

ही टापटीप दोन वर्षांपासून रुखमाबाईचा जीव सांभाळत होती, हे मात्र त्या बायांना कळलं नाही. तिला दिसत नव्हतं. डोळ्यांच्या शिबिरात ती एकटीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशीर झाला, ऑपरेशनचा उपयोग नाही. ती घरी आली, चूल पेटवली आणि कोणाला अवाक्षर बोलली नाही. हळूहळू उजेडसुद्धा विझला. तोवर तिच्या बोटांनी घर पाठ करून टाकलं होतं.

लपवायला कारण तसंच होतं. नवरा, लटारू, लकव्यानं खाटेवर पडलेला. डावं अंग गेलं, वाचा गेली, वर प्रेशर आणि साखरेची बिमारी. मुलगी मंगली नागभीडला दिलेली. मुलगा विक्की चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत, एका खोलीच्या क्वार्टरमध्ये राहणारा. तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. दर दिवाळीला म्हणायचा, "माय, तुले होत नाई आता. बाबाले मी नेतो, तू मंगलीकडे नागभीडले राय. माह्या खोलीत दोघं मावत नाई." रुखमाबाई दरवेळी चारीठाव स्वयंपाक करून त्याच्या तोंडाला कुलूप घालायची. डोळे गेल्याचं कळलं असतं, तर आठवड्याच्या आत दोघांची दोन गावं झाली असती. चाळीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर आता ते तिला सोसणार नव्हतं, आणि लटारूला तर बोलूनही दाखवता आलं नसतं.

दोन हजार चार सालच्या दिवाळीत विक्की नवी बायको घेऊन आला. दिव्यानी हुशार, कामाची, आणि घर नीटनेटकं कसं ठेवावं याचं तीन दिवसांचं शिबिर नुकतंच करून आलेली. अशा माणसापासून देवानं वाचवावं. खाणीच्या कँटीनमधून टाकून दिलेल्या वीस रिकाम्या बरण्या तिनं गोळा केल्या होत्या, घासूनपुसून पोत्यात भरून आणल्या होत्या. रुखमाबाई बोडीवर, गावच्या तळ्यावर, धुणं धुवायला गेली आणि परत येईपर्यंत सुनेनं तिचं अख्खं घर पालटून टाकलं होतं.

"आई, पाहा. सगळ्या एकसारख्या बरण्या. चिठ्ठ्या बी लावल्या, तुम्ही चौथी शिकल्या ना," दिव्यानी म्हणाली. "ते गंजके डबे भंगारवाल्याले देल्ले. अन बाबाच्या गोळ्या कुठं डबीत, कुठं बामच्या बाटलीत होत्या, नवीन पाकिटं बी फोडली, अन सगळ्या दोन बाटल्यांत भरल्या. आता घोळ होणार नाई."

"बेस केलंस, बाई," रुखमाबाई म्हणाली. फळीवर हात फिरवला तर एकाच उंचीच्या, एकाच झाकणाच्या गुळगुळीत बरण्या. दोन वर्षांचं पाठांतर एका दुपारात पुसलं गेलं होतं.

त्या संध्याकाळी सुनेनंच रांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विक्की आणि दिव्यानी गावातल्याच पाहुण्यांकडे गेले आणि रुखमाबाई गोळ्यांच्या दोन बाटल्यांपुढे बसली. प्रेशरच्या रोज दोन, साखरेची फक्त अर्धी. आधी साखरेच्या गोळ्या चुन्याच्या डबीत आणि प्रेशरच्या बामच्या बाटलीत असायच्या. आता बाटल्या सारख्या, गोळ्याही सारख्याच बारीक. जिभेला लावून पाहिल्या, दोन्ही कडू. शेजारच्या बुधरीला हाक मारावी असं एकदा वाटलं. पण चिठ्ठी लावलेली असताना ही बाई वाचून का मागते, असं बुधरीनं विचारलं असतं आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला उत्तर मिळालं असतं. तिनं बाटल्या कानाशी हलवल्या. एक भरलेली, एक अर्धवट. दोन रोज लागतात त्याच्याच गोळ्या जास्त आणलेल्या असणार, असा तिनं हिशेब बांधला. विक्कीनं या खेपेला साखरेच्याच गोळ्या दोन महिन्यांच्या आणल्या होत्या, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. भरलेल्या बाटलीतल्या दोन तिनं लटारूच्या तोंडात घातल्या.

त्याला पेजही भरवली, पण त्यानं चारच घास घेतले. तासा-दीड तासानं तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, तर घामानं थबथबलेलं, थंडगार. ज्यानं तो तिचा हात धरायचा, तो उजवा हातसुद्धा तिच्या हातातून सुटून पडला. काय झालं ते तिला त्याच क्षणी कळलं. साखर उतरली की साखर द्या, असं दवाखान्यात बजावलं होतं. ती फळीकडे धावली. एक झाकण उघडून बोट घातलं, मीठ. दुसरं, रवा. तिसऱ्यात सोडा, चौथ्यात पुन्हा काहीतरी पीठ. बरण्या खाली पडत होत्या, पायाखाली पीठ सांडत होतं, आणि मागे खाटेवर लटारूचा घसा घरघरत होता. तिला जन्मात कधी इतकी भीती वाटली नव्हती. साखर सापडली ती नवव्या बरणीत. तोवर त्याची दातखीळ बसली होती. ती त्याच्या हिरड्यांना साखर चोळत राहिली आणि बुधरीच्या नावानं ओरडत राहिली.

बुधरीनं विक्कीला बोलावून आणलं, विक्कीनं जीप आणली. सावलीच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?"

"दुसरा लकवा आला, साहेब," विक्की म्हणाला. "चंद्रपूरले नेतो मी, चिठ्ठी द्या."

चंद्रपूरचा रस्ता दोन तासांचा. गप्प बसलं तर लकवाच खरा ठरेल, डोळ्यांचं गुपित झाकलेलं राहील, आणि लटारू बहुधा वाटेतल्या मूल गावापर्यंतही पोचणार नाही. एवढं सगळं रुखमाबाईला एका दमात समजलं. समजूनही तिचं तोंड लगेच उघडलं नाही, हे ती पुढे कधी विसरली नाही.

"लकवा नोहे," ती म्हणाली. "साखरेच्या गोळ्या देल्ल्या म्या. अर्धीच्या जागी दोन."

"काऊन? चिठ्ठी होती ना, माय," विक्की म्हणाला.

"मले दिसत नाई, बाप्पा. दोन वरस झाले, काईच दिसत नाई."

डॉक्टरनं शिरेत ग्लुकोज दिलं. अर्ध्या तासात लटारूचा हात गरम झाला, त्यानं डोळे उघडल्याचं नर्सनं सांगितलं. दिव्यानी भिंतीला टेकून रडत होती. गंजके डबे परत आणते, सगळं होतं तसं लावून देते, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. विक्की आईजवळ येऊन बसला. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. "परवा दिवशी बाबाले घेऊन जातो," तो म्हणाला. "मंगलीले सांगतो, तुले न्याले ये म्हणून."

परवा दिवशी जीप दारात उभी राहिली, तेव्हा तिनं सुनेला बाजूला घेतलं. वरण पातळ असलं की त्याला ठसका लागतो. कूस उजवीकडून बदलायची. दुपारी पाय दाबले नाहीत तर झोपत नाही. दिव्यानी सगळं लिहून घेत होती.

"अन एक," रुखमाबाई म्हणाली. "मले दिसत नाई, हे बुढ्याले सांगू नोको. दवाखान्यात तो बेसुद होता, त्यानं आयकलं नाई. दिवसभर खाटेवर पडून तो माह्याकडे पाहते. मी बी त्याच्याकडे पाहून राह्यली, असं त्याले वाटते."