एकशे अठ्ठ्याहत्तर आणि दोन

माथुर सरांच्या टेबलावर पेपर पडला होता आणि त्यावर एकच नाव होतं. त्यांचं. तीन वर्षं बनी पार्कातल्या घरातून लूना रेटत मी इथं विद्यापीठात येतेय, साठ क्वेसारांच्या नोंदी मी तपासल्या, माझी पीएचडी याच पेपरवर अडलीय, आणि आभारातसुद्धा माझं, भार्गवीचं, नाव कुठे नाही! माझं डोकंच फिरलं.

"बेटा, अगले में डाल देंगे," सर म्हणाले. पुढच्या वेळी म्हणे! पुढच्या वेळी काय, कपाळ!

क्वेसार म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांचे धगधगते गाभे. त्यांचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालून आपल्याकडे येतो. वाटेत अतिहलक्या कणांचं डार्क मॅटर असेल, तर प्रकाशलहरी ज्या रेषेत डोलतात ती रेषा जराशी वळते. सगळ्या रेषा एकीकडे झुकल्या, तर काहीतरी सापडलं म्हणायचं. सरांना सापडलं होतं. आकाशाच्या प्रत्येक तुकड्यात सरासरी नव्वद अंश. सरासरी सर स्वतः कॅल्क्युलेटरवर काढतात, कॉम्प्युटरवर त्यांचा भरवसा नाही. हिशेबाचं ते पान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि झेरॉक्स काढून आणलं.

घरी आई पोळ्या लाटत होती. "काय गं, कुणाशी भांडून आलीस?" एवढंच ती म्हणाली, तर मी तिचं लाटणं हिसकून ओट्यावर आपटलं. ते अर्धा फेरा फिरून थांबलं. होतं तस्संच.

मी पिशवीतून ती झेरॉक्स बाहेर काढली. लाटण्याला पुढचं टोक, मागचं टोक असं काही नसतं. या रेषांचंही तेच, एकशे ऐंशी म्हणजे पुन्हा शून्य. म्हणजे पानावरचे एकशे अठ्ठ्याहत्तर आणि दोन जवळजवळ एकच, सरासरी शून्य यायला हवी! सरांनी सरळ बेरीज करून दोनानं भागलं होतं. नव्वद! अशानं शून्य ते एकशे ऐंशीमधल्या कुठल्याही कचऱ्यातून नव्वदच्या आसपासच निघेल.

दुसऱ्या दिवशी सरांना पान दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं, चक्क चहा पाजला.

"तुझं नाव पहिलं टाकलंय, बेटा. संपादकांशी पत्रव्यवहारही तूच करायचा. त्यांना कळवलंय मी."

"आणि चूक?"

"कौन देखता है? पेपर मंजूर झालाय."

म्हणजे उद्या कुणी पकडलं तर मान माझी! चोर सोडून संन्याशाला फाशी. मला रडू येत होतं, पण या माणसासमोर रडायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

त्यांच्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसले आणि संपादकांना लिहिलं की सरासरी चुकली आहे, पेपर मागे घेत आहे. सोबत सरांच्या अक्षरातलं पान स्कॅन करून जोडलं.

सर ताडकन उठले. "पागल झालीस? तीन वर्षांचं काम आहे तुझं!"

"माझं आहे ना, सर?" मी म्हटलं आणि बटण दाबलं.