करंड्यातलं मेण

लीलाबाईला टीव्हीचं फारसं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते गल्लीला टीव्ही बघायला आपल्या घरी यावं लागतं, याचं. बाळापुरात तेव्हा केबल आलेली नव्हती. अकोल्याहून येणारं चित्र ज्यानं त्यानं आपापल्या गच्चीवर धरायचं, आणि ज्याच्या गच्चीवर ते धरलं जाईल त्याच्या ओसरीत गल्ली जमायची. श्रावणात झड लागून पाऊस उघडेनासा झाला की बाजारातून आणलेल्या अँटिना एकेक करून हात टेकायच्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या. चालू राहायचा तो एकट्या खुशालरावांचा टीव्ही.

खुशालराव म्हणजे लीलाबाईचे मालक. शेतीतून उसंत मिळाली की घरातली एखादी चालू वस्तू खोलून बसणं हा त्यांचा विरंगुळा. अकोल्याच्या दुकानात टांगलेली अँटिना त्यांनी खिशातल्या सुतळीनं मापली, सुतळीला गाठी मारून ते माप घरी आणलं आणि मोडक्या फोल्डिंगच्या खाटेच्या नळ्या कापून तशीच अँटिना उभी केली. वायर जिथं जोडायची तिथं साबणदाणी बसवली. तिच्या कडा मेण आणि डांबर एकत्र वितळवून बुजवल्या. वायर आधी खाली झोल देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून उतरणारं पाणी झोलावरूनच गळून जावं. एवढं करूनही पहिल्या पावसाळ्यात चित्र गेलंच. साबणदाणी उघडली तर आत पाणी. खुशालराव ती हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते आणि लीलाबाई पोळ्या करत होती.

"गरम पोळ्या डब्यात गच्च झाकल्या तर डब्याले घाम येते," ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमच्या डब्यालेबी आला असंन. खालून भोक ठेवा त्याले."

खुशालरावांनी दाभण चुलीत लाल केलं आणि साबणदाणीच्या बुडाला भोक पाडलं. त्यानंतर कितीही झड लागो, चित्र हललं नाही. "बरं झालं," एवढं म्हणून त्यांनी दाभण जागेवर ठेवलं. यापेक्षा जास्त कौतुक त्या तोंडातून लग्नापासून निघालं नव्हतं, आणि लीलाबाईनंही ते मागितलं नव्हतं. पण त्या अख्ख्या अँटिनात ते भोक आपलं आहे, हे ती विसरली नव्हती.

मग समोरच्या घरात सीमा आली. शेखर तिचा नवरा, अकोल्याला रोज जाऊन-येऊन नोकरी करणारा. सीमा अमरावतीची, शिकलेली, बोलायला गोड, आणि घरात रंगीत टीव्ही. आता जिथं रंगीत टीव्ही तिथं गल्ली, हे काय कोणाला सांगायला पाहिजे? लीलाबाईच्या ओसरीतल्या बाया हळूहळू समोर सरकल्या. एकीनं तर येऊन सांगितलंसुद्धा, "सीमाच्या टीव्हीत लुगड्याचा काठ कळते बाई." लीलाबाईनं तिला चहा विचारला नाही.

झड लागली आणि शेखरच्या विकतच्या अँटिनाला गंज चढून रंगीत मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा लीलाबाईच्या जिवाला जरा थंडावा मिळाला. तो एक संध्याकाळ टिकला. दुसऱ्या दिवशी सीमा डोक्यावर पदर घेऊन दारात.

"भाऊजी, तुमच्यासारखी बनवून द्या ना जी एक. तुमच्या हाताले गुण आहे."

हाताला गुण आहे. लीलाबाईनं या हातांना इतकी वर्षं जेवू घातलं, पण असं काही म्हणायचं तिला सुचलं नव्हतं. खुशालराव पानसुपारी न खाताच उठले. शेतात पाणी साचलेलं, कामं तशीही बंद. मग काय, सकाळी आंघोळ झाली की हा माणूस समोरच्या गच्चीवर. घरचा पंखा खोलून ठेवलेला तसाच पडलेला, आणि साहेब दुसऱ्याच्या गच्चीवर नळ्या कापताहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खाली सीमाच्या स्वयंपाकघरातून चहा वर जायचा. वेलची टाकलेला. लीलाबाईला वास इकडे यायचा.

तिसऱ्या चहानंतर ती म्हणाली, "तिथंच राहाले जा ना. गादी पाठवून देऊ का?"

"डब्बा बंद करून होऊ दे, मग झालंच," खुशालराव म्हणाले. बोलणं लागायचं असेल तर आधी कानात शिरावं लागतं.

लीलाबाई टिकली लावायची नाही. आधी कपाळाला मेणाचा टिपका, त्यावर कोरडं कुंकू, ही तिच्या आईची रीत. पितळेचा करंडाही आईचाच, एका कप्प्यात मेण आणि दुसऱ्यात कुंकू. बोट इकडून तिकडे जाऊन मेणही लाल झालेलं. त्या दिवशी आंघोळ करून ती आरशापुढे बसली आणि करंडा जागेवर नव्हता. फळी पाहिली, पेटी पाहिली, देव्हारा पाहिला. मग डबा बुजवायला मेण लागतं, हे एकदम तिच्या ध्यानात आलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कोऱ्या कपाळानं घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून देवापुढचं कुंकू ओल्या बोटानं लावलं आणि ती समोरच्या घराचा जिना चढली.

जिन्यातच तिला आवाज आले. दोघं गच्चीच्या दारापाशी, चहा घेत.

"आणि खालून हे भोक कशाले?" सीमा विचारत होती.

"डब्याले घाम येते ना. पोळ्याच्या डब्याले येते तसा. तो बाहीर जाले जागा पायजे."

"काय डोकं आहे जी तुमचं भाऊजी!"

आणि खुशालराव हसले. नुसते हसले. लीलाबाई पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती धाडधाड पायऱ्या चढून वर आली तसे दोघं बाजूला झाले. खुशालराव म्हणाले, "बरं झालं आलीस, पाईप उभा कराले हात लागते. दोर घेऊन येतो," आणि खाली उतरले. सीमा म्हणाली, "ताई, तुमच्यासाठीबी चहा आणते," आणि तीही उतरली.

गच्चीवर अँटिना आडवी पडली होती. शेजारी पक्कड, वायरीचे तुकडे, डांबराचं काळं झालेलं डबडं. आणि त्या सगळ्यात, झाकण उघडं पडलेला तिचा करंडा. माझ्या कपाळाचं मेण, लीलाबाईच्या मनात आलं, हिच्या अँटिनाला. आणि माझं डोकं, ते याच्या नावावर. याला कौतुक करून घ्यायला माझीच वस्तू सापडली, तीही तिच्यासमोर.

मेण सगळं संपलं नव्हतं. तळाशी चिंचोक्याएवढं उरलं होतं, लाल. लीलाबाईनं ते बोटानं खरवडलं, साबणदाणी उलटी केली आणि आपलं भोक बुजवून टाकलं. अंगठ्यानं चांगलं दाबून. करंडा पदरात घेतला. दोर आला, चहा आला. तिनं दोर धरला, चहाला हात लावला नाही.

अँटिना उभी झाली तशी चित्र असं आलं की शेखरनं खुशालरावांच्या पाठीवर थाप मारली. रविवारी क्रिकेटची मॅच होती, त्यानं ऑफिसातली मंडळी अकोल्याहून बोलावली. नंतरचे दोन दिवस ऊन-पाऊस, ऊन-पाऊस चाललं आणि शनिवारी पुन्हा झड लागली. रविवारी पाहुणे येऊन बसले, चिवडा फिरला आणि बारा वाजायच्या आत पडद्यावर मुंग्या. मंडळी चप्पल घालून गल्लीत आली आणि खुशालरावांच्या ओसरीत शिरली. मागोमाग बाया, मागोमाग सगळी गल्ली. ओसरी मावेना. लीलाबाईनं सतरंजी अंथरली, मोठ्या पातेल्यात चहा ठेवला, त्यात वेलची टाकली. अशी खूश ती दिवाळीलाही नसायची.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा शेखर आपल्या मंडळींना सांगत होता, "माहीच चूक. घरगुती ते घरगुतीच. खाटेच्या नळ्यायवर झोपावं, टीव्ही पाहू नये." सगळे हसले. चिवडा खाल्लेले, अन् आता तिचा चहा पिणारे. खुशालराव कोपऱ्यात बसले होते. तेही हसले, पण ते हसणं लीलाबाईनं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यावर हसायचा हक्क तिचा होता, आणि तो तिनं कोणाला दिला नव्हता.

संध्याकाळी खुशालरावांनी अर्धी पोळी ताटात ठेवली. "आपल्याच हातचं, आपल्याच मापाचं," ते म्हणाले. "इथं चालते, तिथं काहून नाई?"

"चालत नसंन. सोडून द्या," लीलाबाई म्हणाली.

सकाळी पाऊस उघडला आणि ते पक्कड घेऊन निघाले. "ओल्यात कशाले चढता?" म्हणून तिनं अडवून पाहिलं. ते थांबले नाहीत, तेव्हा तीही मागं गेली. शेखर कामावर जायच्या कपड्यात गच्चीवर उभा होता, सीमा होती. पाईप आडवा केला. खुशालरावांनी साबणदाणीच्या कडेचं मेण-डांबर सुरीनं सोडवलं, झाकण उघडलं आणि आतून पाणी सांडलं. चांगलं चूळभर. त्यांनी साबणदाणी उलटी केली. बुडाशी लाल बोळा होता.

लीलाबाईकडे त्यांनी पाहिलं नाही. नखानं बोळा काढला आणि मुठीत धरला.

"कुंभारीण माशी," ते म्हणाले. "भोकात मातीचं घर करते ना ती. माह्यीच चूक. घरून म्हनलंबी होतं मले, भोकाले बारीक जाळी लावा म्हनून. म्या ऐकलं नाई."

जाळीचं लीलाबाई कधीच काही बोलली नव्हती.

"बघू," सीमा म्हणाली, आणि बोळा त्यांच्या बोटांतून दिसत होता तेवढा तिनं वाकून पाहिला. "लाल दिसते जी."

"लाल माती असंन," खुशालराव म्हणाले.

बाळापूर काय आणि अमरावती काय, सगळी काळी जमीन. पेरणीला गेलेल्या बाईच्या टाचा महिनाभर काळ्या राहतात. लाल माती कुठून आणली असेल त्या माशीनं? सीमानं एकदा लीलाबाईच्या कपाळाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असंन, असंन."

त्या 'असंन'मध्ये कीव होती. शिवी चालली असती. शेखरनं चार माणसांत तोंडावर सुनावलं असतं तरी चाललं असतं. पण अमरावतीच्या या पोरीनं आपल्यावर पांघरूण घालावं, हे लीलाबाईला सोसवेना.

"कुठची लाल माती?" ती म्हणाली. "बाळापुरात कोनी पाह्यली लाल माती? कुंकवाचं मेण आहे ते. माह्यं. म्याच बुजवलं. भोकबी माह्यंच होतं, माह्या डोक्यातलं. म्या पाडाले लावलं, म्याच बुजवलं."

शेखर घड्याळ बघत बसची वेळ झाल्याचं काहीतरी पुटपुटला आणि जिना उतरला. खुशालराव भोकात दाभण फिरवायला लागले, जणू गच्चीवर दुसरं कोणी नाही. सीमा मात्र लीलाबाईकडे बघत होती, आणि आता तिच्या तोंडावर कीव नव्हती.

"तुमच्याच डोक्यातलं आहे, ते मले माहीत आहे ताई," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगतलं भाऊजीनं. म्या म्हनलं काय डोकं आहे तुमचं, तर हसले अन् म्हने, हे डोकं घरी पोळ्या करून राह्यलं. एवढंच नाई. हप्ताभर वर बसून तुमचंच चालू होतं त्यायचं. लीला असं म्हनते, लीला तसं करते, लीलाच्या हातचा ठेचा खाऊन पाहा. मले तर तुमचा असा राग येत होता ना..." ती थांबली. शेखर उतरला त्या जिन्याकडे तिची नजर गेली. "आमच्या इथं चहा पेताना माह्यं नाव कोनी घेत नाई."

खुशालरावांचे कान लाल झाले होते. "सुरी दे वं इकडे," ते खाली मान घालून म्हणाले, आणि कोणाला म्हणाले ते दोघींनाही समजलं नाही. शेवटी सुरी लीलाबाईनं दिली.

साबणदाणी पुन्हा बंद झाली, या वेळी नुसत्या डांबरानं. घरी आल्यावर खुशालरावांनी मुठीतला बोळा काढून करंड्याच्या कप्प्यात दाबून बसवला आणि झाकण लावलं. "बाजारातून मेण आणतो. तुह्यं अलग," ते म्हणाले.

लीलाबाईनं त्यांना जेवायला वाढलं. मग पदर सावरून समोर बसली आणि विचारलं, "काय काय सांगत होते तिले?"

"काई नाई. असंच."

"असंच म्हंजे काय?"

"अवं, बसल्या बसल्या मानूस बोलते काईबाई." त्यांनी ठेच्याशी पोळी लावली आणि पंख्याच्या पात्याकडे बघत खाऊ लागले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. एवढी वर्षं घातली या माणसासोबत, तो तोंडावर बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं. जे बोलला ते तिच्याबद्दल बोलला आणि दुसरीला बोलला. आता ते सगळं सीमाजवळ होतं. एवढा जळफळाट रंगीत टीव्हीनंही झाला नव्हता.

दुपारी खुशालराव शेतात गेले तशी तिनं दगडी खलात मिरच्या कुटल्या, वाटीत ठेचा भरला आणि समोरच्या घराची कडी वाजवली. सीमानं दार उघडलं. लीलाबाई आत जाऊन टीव्हीकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "चहा ठेव. अन् मंग पहिल्या दिवसापासून सांग."