इंजिनावरची पूजा

“काशी, आधी अर्थिंग तपासायचं. बाकीचं मागाहून.”

होड्यांच्या इंजिनांचं वायरिंग करणारे माझे यजमान प्रत्येक कामाला हेच सांगत. त्यांची नजर अधू झाल्यापासून टेस्ट लॅम्प मीच धरायची. त्यांना जाऊन दोन महिने झाले. जाताना म्हणाले, “दादाच्या होडीचं राहिलं. तेवढं करशील?” मी हो म्हटलं.

ही सासऱ्यांची शिडाची होडी, मागाहून इंजिन बसवलेली, आता दादांकडं असलेली. आमच्या शिरवण्याच्या घरातली शेवटची. चावी फिरवली की स्टार्टर नुसता टक् करतो. यांनी बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, चावीही नवी बसवली. उद्या होडी न्यायला भंगारवाला येणार, म्हणून आज जप उरकून मी धक्क्यावर आले.

“त्याला नाय जमला, तो तुला जमनार हाय?” माझे थोरले दीर पंढरीदादा म्हणाले.

“चावी फिरवा, दादा.”

लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं इंजिनाच्या अंगाला. चावी फिरताच लॅम्प विझला. इंजिनावरचं टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, तर लख्ख. बॅटरी धड होती. मायनस इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं, म्हणजे अर्थिंगच येत नव्हतं.

अर्थिंगची केबल ज्या बोल्टवर बसते, तिथंच माझी हळदकुंकवाची बोटं होती. गेल्या नारळी पौर्णिमेला मी तिथं नारळ फोडला, पाणी केबलवर ओघळलं. वर सुकलेली फुलं, खाली हिरवा गंज. या जुन्या इंजिनाला केबल लावण्याजोगा दुसरा बोल्टही उरलेला नाही. आणि पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत पूजा हलवायची नाही, हा माझा नेम.

“दादा, या बोल्टाचं हे काय बोलले होते का तुमाला?”

“बोलायचा ना. पुनव झाली का करून देतो. मी म्हनलो, नामदेवा, इंजिनाला काय मुहूर्त लागतो? तर नुसता हसला.”

मी फळीवर बसले. तेवढी एक जागा सोडून त्यांनी बाकीचं सगळं करून पाहिलं होतं, आणि मग पौर्णिमेची वाट बघत राहिले. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

नारळी पौर्णिमा अजून दीड महिना लांब. आणि आता ती बोटं पुन्हा उमटवायची तर मी सवाष्णही नाही.

“काय झाला गो? सापडला?”

“सापडलं, दादा. माझ्यामुळंच होतं.”

ते हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे काशी. नेऊ दे भंगारवाल्याला होडी.”

मी हात जोडले. फुलं उचलून पदरात बांधली, यांच्या पिशवीतून पाना आणि पॉलिश पेपर काढला, आणि इंजिनाशी खाली उतरले.