मले धर

नागपूरहून कोकणात निघालेल्या सहलीच्या बसमध्ये नंदिनी नवऱ्यासोबत चढली आणि मायाने तिला तत्क्षणी ओळखले. नंदिनीने मायाला ओळखले नाही. "तुम्ही कुठल्या?" असे विचारून, उत्तर पुरते न ऐकताच ती खिडकीच्या जागेकडे वळली.

"तेच का वं?" संघपालने बायकोला हळूच विचारले.

"तेच."

"जाऊ दे. समुद्र पाहाले चाललो आपण, भांडाले नाही."

मायाची नजर नंदिनीवरच होती. ही बाई काही वर्षांपूर्वी आपल्या मुलासाठी, रोशनसाठी, मुलगी बघायला खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत मायाच्या घरी आली होती. मायाच्या मुलीने, सुकेशनीने, पोह्यांच्या प्लेटा ठेवल्या. आवड काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मले गाणं आवडते." नंदिनी खळखळून हसली. "मले? ऐकलंत का, मले!" असे नवऱ्याला म्हणाली, आणि नवराही हसला. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला. रोशनला पुण्यात राहायचे आहे, घरात मले-तुले चालायचे नाही.

स्थळ गेल्याचे मायाला दुःख नव्हते. सुकेशनीला पुढे चांगले घर मिळाले. पण चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माइक हातातून न सोडणारी ती पोरगी पुन्हा कधी स्टेजवर चढली नाही. आता फोनवर आईशीसुद्धा शब्द पारखून बोलते. "आई, मला जमणार नाही." "आई, मला वाटतं." सख्ख्या आईशी 'मला'! तो शब्द ऐकला की मायाला नंदिनीचे हसू ऐकू येई.

कोकणातल्या त्या घरगुती मुक्कामात पहिल्याच पहाटे तिला जाग आली. संघपालच्या पहिल्या पाळीने लावलेली सवय. बाहेर आली तर नंदिनी पायरीवर उभी.

"हे झोपलेत, आणि मला एकटीला भीती वाटते हो. येऊ तुमच्याबरोबर?"

"या की," माया म्हणाली.

दोघी ओल्या वाळूवरून चालू लागल्या. अजून पुरते उजाडले नव्हते. लाटा दिसायच्या आधी ऐकू येत होत्या. दूरवर एक पांढरी रेघ उमटे, रुंद होत येई, फुटे, आणि फेसाची झालर पायांशी सोडून परत फिरे. जाताना तळव्यांखालची वाळूही ओढून नेई. मायाला हे फार आवडले. इतकी सावकाश येणारी गोष्ट इतक्या जोरात आपटते, हे बघत ती उभी राहिली.

तेवढ्यात नंदिनीचा फोन वाजला. ती चार पावले लांब गेली, पण वारा मायाच्या दिशेने होता.

"हो वं माय... नाही ना, समुद्रावर आहो मी... मौद्याले दिवाळीत येतो ना... काहून रडून राहिली वं?"

फोन ठेवून ती परतली. "आईचा होता. तिला करमत नाही."

माया हसली. आता तिला नेमके काय हवे ते कळले होते. ज्या तोंडाने पोरीचा शब्द उष्टावला, त्याच तोंडून तो शब्द ओरडून बाहेर यायला हवा होता. साऱ्या जगाला ऐकू जाईल असा.

ती घाई करणार नव्हती. रोज पहाटे ती नंदिनीला सोबत नेई, रोशनच्या फ्लॅटचे कौतुक ऐके आणि लाटा बघे. कितव्या लाटेमागून मोठी येते याचा काही नेम नव्हता, पण येत मात्र होती.

घरमालक रोज बजावत असे, "समुद्राकडे पाठ करू नका हो. तुम्ही घाटावरची माणसं तिथेच चुकता." नागपूरची माणसे चुकणारच. त्यांचे पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरीचे तलाव. पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा, भेळ खायची, घरी जायचे.

शेवटच्या पहाटे नंदिनीने फोटोसाठी नवी साडी नेसली.

"लाट दिसेल असा काढा हं."

"मग थोडं मागे सरका," माया म्हणाली. "अजून थोडं. बस."

तिने फोटोऐवजी व्हिडिओ सुरू केला. स्क्रीनवर नंदिनी हसत होती, आणि तिच्या खांद्यामागे ती पांढरी रेघ रुंद होत होती. माया काहीच बोलली नाही.

लाटेने नंदिनीला गुडघ्यांत मोडले. ती बसली, मग आडवी झाली, आणि परतणारे पाणी तिला साडीसकट ओढू लागले.

"मले धर वं! माय वं, मले धर!"

माया दोन हातांवर होती. "काय म्हणलं?"

"मले धर!"

"लाटेचा आवाज आहे ना. जोरानं बोल."

"मले धर वं बाई! मरून राहिली मी!"

तेव्हा मायाने तिचे मनगट पकडले आणि तिला वर ओढून आणले. नंदिनी वाळूवर खोकत बसली. मायाने पदराने फोन पुसला आणि व्हिडिओ पहिल्या हाकेपर्यंत कापून सहलीच्या ग्रुपवर टाकून दिला.

दोघी नाश्त्याला पोचल्या तेव्हा अंगणात सगळ्यांचे फोन एकदम बोलत होते. "मले धर वं! मले धर!" माया दारातच थांबली. लोक हसत होते, पण ते हसणे तिला हवे होते तसे नव्हते.

"अवं, हे तर आपलीच निघाली!" इंदूबाई टाळी देत म्हणाली. ती सहलीतली सगळ्यात वडील. "चार दिवस मॅडम मॅडम म्हणून राहिलो आम्ही!"

"बस वं इथं, ओली झाली पोरगी," कोणी नंदिनीच्या खांद्यावर शाल टाकली, कोणी चहा दिला. आणि नंदिनी, जिची मान खाली जायला हवी होती, ती लाजत हसत होती. "मले वाटलं, गेली मी आता!" ती म्हणाली आणि अंगण पुन्हा हसले.

मायाच्या कानशिलांत रक्त चढले. त्या शब्दात लाज होती कुठे? लाज नंदिनीने आणली होती, आणि आज तोच शब्द तिने आहेर म्हणून परत घेतला होता.

"माया, बस ना," संघपाल म्हणाला.

"थांबा." तिचा आवाज मोठा झाला. "हसून झालं असंन तर ऐका. हे बाई माझ्या घरी पोरगी पाहाले आली होती. माझी सुकेशनी 'मले' म्हणली तर नवऱ्याले दाखवून हसली. आमच्या घरात मले-तुले चालत नाही म्हणून निरोप धाडला. तवापासून माझी पोरगी माझ्याशी घरचं बोलत नाही."

अंगणातले फोन एकेक करून बंद झाले.

नंदिनीने शाल आवरली. "कोण सुकेशनी? मला तर काही आठवत नाही हो."

इंदूबाईने कपबशी खाली ठेवली. "आता काहून 'मला' वं? आता तर चांगली बोलून राहिली होती."

कोणी हसले नाही. नंदिनीने नवऱ्याकडे पाहिले. त्याला सगळे आठवत असावे, तो ताटातच बघत होता. शेजारच्या बाईने आपली खुर्ची किंचित सरकवली.

माया बसली. तिने घावणाचा मोठा तुकडा तोडला, चटणीत बुडवला, आणि नंदिनीकडे बघत सावकाश खाल्ला.

"दादा," तिने घरमालकाला हाक मारली, "मले अजून एक द्या."