मामांचा गुण्या

माझ्या हातून एक गोष्ट घडली आणि ती मी चार महिने पोटात ठेवली. लोखंडकाम करणाऱ्याला ती दोन वाक्यांत कळेल, बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो. सांगताना माझी मलाच पुन्हा लाज वाटणार आहे, पण तेवढी वाटायलाच हवी.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. एक जाड दांडा, त्यात काटकोनात बसवलेली पोलादी पट्टी, बस. मोठ्या फाटकाचे दोन्ही कर्ण टेपने मोजले की ते सरळ आहे की नाही कळतं. पण टेबलाचा पाय उभा करायचा तर गुण्याच लागतो. गुण्या लावायचा, डोळा जवळ न्यायचा. पाय आणि पट्टी यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर पाय कललेला आहे. रेघ मिटली की वेल्डिंगचा टाका मारायचा.

आमच्या कारखान्यात रेघ बघायचं काम मामांचं आणि टाका मारायचं माझं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आधी त्यांनी मला काम शिकवलं, मग भाची दिली, त्यामुळे कारखान्यात मला सगळे 'जावई' म्हणतात. मी चुकलो तरी 'जावयाला कोण बोलणार' म्हणून हसतात. या लाडाचा मी पुरेपूर फायदा घेतला आहे, तेही सांगून टाकतो.

मामांचा गुण्या त्यांचा स्वतःचा, तीस वर्षांचा. त्याला भिंतीवर वेगळा खिळा होता. नियम एकच होता: पडला तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. तीस वर्षांत तो दोनदा पडला. दोन्ही वेळा पाडणाऱ्याने येऊन सांगितलं. मामांनी तपासून दुरुस्त केला आणि त्या माणसाला वर चहा पाजला. सांगायला कुणी आलं नाही म्हणजे गुण्या बरोबर आहे, इतकं सरळ होतं ते. एरवी त्यांनी तो कधी तपासला नाही.

एका वाचनालयाची साठ टेबलं करायची होती. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मामा हात धुवायला गेले असताना एका टेबलाचा पाय टाका मारताना जरासा सरकला. टाका गरम आहे तोवर ठोकला तर पाय जागेवर येतो. थंड झाला की तोडावा लागतो. हातोडा पलीकडच्या बाकावर होता, दहा पावलांवर. गुण्या हातात होता. मी त्याच्या दांड्याने तीन ठोके दिले. पाय जागेवर आला, पण तिसऱ्या ठोक्याला आवाज बद्द आला. पट्टी दांड्यात केसभर हलली, हे मला तिथेच कळलं.

पडला असता तर सांगितलं असतं. पण गुण्याने ठोकलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आमच्या धंद्यात ते चष्म्याने खिळा ठोकल्यासारखं आहे, आणि मी काही कालचा आलेला नव्हतो. केसभराने काय होतंय, म्हणत मी गुण्या फडक्याने पुसला आणि खिळ्याला अडकवून ठेवला.

आमच्या कारखान्याची फरशी अशी की तिच्यावर चांगलं टेबलही डुगडुगतं, म्हणून तिथे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. वाचनालयाच्या गुळगुळीत फरशीवर मात्र लक्षात आलं. दांड्यापाशी केसभर म्हणजे पायाच्या टोकाला चांगला बोटभर फरक. चाळीसच्या वर टेबलं परत आली. वाचनालयाचा माणूस म्हणाला, पुस्तक ठेवलं की टेबल मान हलवतं. सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते प्रत्येक टेबलापुढे उकिडवे बसून डोळा लावून बघत होते.

मालकीणबाईंनी विचारलं की हे झालं कसं. कुणीतरी म्हणालं, मामा, गुण्या तर बिघडला नाही ना? तेव्हा मी तिथेच होतो, चार हातांवर. मामा म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आजवर कधी केलं नाही. माझा डोळाच चुकला असणार."

अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते मी वाकडं केलं होतं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

मामा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. ऐकणाऱ्याला वाटेल, सुटले बिचारे. झालं उलटंच. डोळे ठीक आणि तरी रेघ दिसत नाही, म्हणजे दोष डोक्यात, असं मामांनी स्वतःच ठरवलं. मालकीणबाईंनी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की यापुढे गुण्या जावई धरेल, तुम्ही बसून काम करा. बसून काम म्हणजे माझ्या वेल्डिंगवरचे पोपडे छोट्या हातोडीने उडवायचे आणि वर तारेचा ब्रश मारायचा. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात देतात ते काम.

त्या दिवशी मामांनी गुण्या खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. "आता तुझा," म्हणाले. "माझ्यापेक्षा तुझी नजर बरी."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर संध्याकाळी दुकानात जाऊन गुपचूप तसाच नवा गुण्या आणला, तेल-काजळी चोळून जुना दिसेल असा केला आणि मामांचा फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाला ठेवला. मला वाटलं, आता टेबलं सरळ होतील आणि विषय संपेल. टेबलं सरळ झालीही. विषय काही संपला नाही, कारण जावयाच्या हातून सरळ होतात म्हणजे चूक मामांचीच होती, हे आता सगळ्यांपुढे सिद्ध झालं. मालकीणबाईंनी माझी पाठ थोपटली. मामांनीही थोपटली. खोटं झाकायला केलेल्या कामाबद्दल शाबासकी मिळाली आणि मी ती घेतली.

महिनाभर मामांनी पोपडे उडवले. मग गुडघा दुखतो म्हणून यायचे बंद झाले. बायको त्यांच्याकडे जाऊन आली की काहीबाही सांगायची. मामा हल्ली एकटे रस्ता ओलांडत नाहीत. दाराला कुलूप मामीने लावलं तरी तीन वेळा ओढून बघायला सांगतात. मामीला विचारतात, मी काल काही चुकीचं बोललो का गं? एकदा बायको सांगता सांगता रडायलाच लागली. म्हणाली, एवढ्या हुशार माणसाचं डोकं असं बघता बघता गेलं. मी ताटावरून उठलो. भूक नाही म्हणालो.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी फडक्यातला गुण्या घेऊन मामांकडे गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो आणि घराच्या पायरीवर सगळी विसरलो. मामा खिडकीपाशी बसले होते, मामी भाजी निवडत होती. मी गुण्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "मामा, हा बिघडलेला आहे. टेबलांच्या आधीपासून. मला माहीत होतं."

मामांनी मामीकडून पेन्सिल मागितली, उठून एक सरळ फळी आणली. दांडा फळीच्या कडेला टेकवून एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी ओढली. गुण्या बरोबर असेल तर दोन रेघा एकमेकींवर बसतात. या दोन खाली एकत्र होत्या आणि वर बोटभर फाकल्या होत्या.

मामा हसायला लागले. इतके हसले की मामी भाजी टाकून उठली. "अगं बघ," ते म्हणाले, "गुण्या वाकडा होता! मी नाही!" तिला हाताला धरून त्यांनी त्या दोन रेघा दाखवल्या, पुन्हा पुन्हा दाखवल्या. माझ्यावर रागवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी मला दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामीने मात्र रेघांकडे एकदाच बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "जावईबापू," ती म्हणाली, "चार महिने?"



"अगं, पडला असेल हातून. घाबरला असेल," मामा म्हणाले. "पडला ना रे?"

सगळं सांगायला गेलो होतो. दार उघडं होतं, समोरचा माणूस मला माफ करायला उतावीळ झाला होता. आणि मी म्हणालो, "हो. पडला."

मामांनी मान हलवली. गुण्या पुसायला घेतला. पुसता पुसता त्यांचा अंगठा दांड्याच्या कडेवर थांबला. त्यांनी दांडा खिडकीच्या उजेडात धरला. तिथे तीन खळगे होते, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. पडलेला गुण्या कोपऱ्यावर चेपतो, आणि एकदाच चेपतो. हे मला मामांनीच शिकवलं होतं. उत्तम डोळ्यांनी ते बराच वेळ त्या खळग्यांकडे बघत राहिले. त्यांचं हसू हळूहळू गेलं. मग त्यांनी त्या जागेवर फडकं धरलं, मामीला दिसू नये असं.

"पडलाच आहे," ते तिला म्हणाले. "होतं असं."

त्यांनी मला चहा दिला. मी प्यायलो. काय प्यायलो ते आठवत नाही.

दोन दिवसांनी मामा कामावर आले. कानस आणि छोटी हातोडी घेऊन दिवसभर बसले आणि गुण्या पुन्हा काटकोनात आणला. मालकीणबाईंना आणि बाकीच्यांना त्यांनी सांगितलं की तो कधीतरी पडला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणाच्या हातून, हे त्यांनी सांगितलं नाही. सगळे जुन्यासारखे हसले, बाईंनी त्यांची माफी मागितली, त्यांची जागा त्यांना परत मिळाली. माझ्याशी ते पूर्वीसारखंच बोलतात. घरचं विचारतात, थट्टा करतात.

फक्त रोज सकाळी, पहिला टाका मारायच्या आधी, ते पत्र्यावर खडूने एक रेघ ओढतात, गुण्या उलटा करतात आणि दुसरी ओढतात. दोन्ही जुळल्या की हाताने पुसून टाकतात. तोवर मी समोर उभा असतो.