आत्याचं नेट

मैत्रेयीच्या लॅपटॉपवर वायफायचं गोल फिरत राहिलं होतं आणि तिकडे नाशकात भाचीचा पाळणा आत्यासाठी खोळंबला होता.

अजितदादाच्या लेकीचं आज बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या कालच कानडी मुलखात, एचएसआर लेआउटमधल्या भाड्याच्या खोलीत सामान टाकून बसलेली. नवी नोकरी, रजा मिळेना. म्हणून ठरलं होतं, ती लॅपटॉपवरून नाव सांगेल आणि दादा आपला फोन बाळाच्या कानाशी धरेल. नाव ठाऊक होतं ते तिला आणि वहिनीला, बस्स.

मोबाइलवरून बोलावं तर या घरात रेंज रुसलेली. खिडकीत उभं राहिलं की मेसेज तेवढे टपकायचे. बोलताना नाव मध्येच तुटलं तर? अर्धं नाव घेऊन का लेकरानं जगायचं?

पासवर्ड पुन्हा चुकला.

तिनं वायफाय बंद केलं, चालू केलं. लॅपटॉप झोपवला, उठवला. जोडणी पुसून नव्यानं जोडली. मग जिन्यावरून धडधडत खाली गेली.

"अक्का, राउटर एकदा बंद करून बघू का?"

घरमालकीण भागुबाई कढीपत्ता निवडत होत्या. मूळच्या निपाणीकडच्या, उभा जन्म इथं गेलेल्या. "कर की. पण स्वल्प दमानं. तुझ्या पायांनी जिना हालतोय."

"पासवर्ड परत सांगा ना."

"किती डाव सांगू? पवित्रा, पुढं एक ते पाच. माझ्या नातीनं स्वतःचंच नाव घातलंय. दुसऱ्या कुणाचं घालतीय ती?"

पवित्रा इस्पितळात ड्युटीवर. फोन उचलत नव्हती. राउटरचे दिवे विझले, पेटले. मैत्रेयी वर धावली. टाइप केलं. चुकलं. मोठं अक्षर, छोटं अक्षर, मध्ये जागा सोडून, सगळं चुकलं. खिडकीत गेली तर दादाचा मेसेज: 'मैतू, बाळ पेंगतंय. काकू म्हणतात, मीच सांगते नाव.'

काकूंना नाव कुठं माहीत होतं? त्या आपलं मनचं काहीतरी ठेवतील. लॅपटॉप छातीशी धरून ती पुन्हा खाली आली आणि राउटरपाशीच फतकल मारून बसली. भिंतीवर पवित्राचं नृत्यस्पर्धेचं प्रमाणपत्र होतं, काचेच्या चौकटीत. ती नुसतीच बघत राहिली. मग एकदम चमकली.

"अक्का, पवित्रामध्ये हा एच कशाला?"

"कुठला?"

"टी-एच-आर-ए लिहिलंय."

"मग? इकडं त काढायचा तर एच लागतोच. नुस्ता टी म्हणजे ट." भागुबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. "म्हंजे सकाळधरनं माझ्या नातीला तू पविट्रा म्हणत होतीस होय गं?"

मैत्रेयीची बोटं एच शोधत होती.

गोल थांबलं. नेट आलं. पडद्यावर नऊवारीचे काठ, कुणाचं कोपर, झेंडूची माळ, आणि मग मुठी मिटलेलं, लालबुंद, एवढंसं तोंड.

"आली का आत्या? बोल, बोल," दादा म्हणाला आणि फोन खाली वाकला.

तेवढ्यात चित्र गोठलं. झोपलेला गाल तेवढा पडद्यावर राहिला. आवाज जातोय की नाही, कळेना.

"थांबू नको," भागुबाई म्हणाल्या. "चित्राला काय करायचंय? कानाला सांग."

मैत्रेयी पडद्यावर ओणवी झाली. "कुर्र..." तिनं तोंड आणखी जवळ नेलं. "जाई. जाई अजित... जाई गं माझी."

पाठीत धपकन बुक्का बसला. मग दुसरा. कढीपत्त्याच्या वासाच्या हातांनी भागुबाई हसत बुक्के घालत होत्या. "आत्याला मार नको काय? तिकडच्या बायकांचे हात इथवर कसे पोचायचे?"

पडद्यावरचा गाल अजून शांत झोपलेलाच होता. आणि त्या निजलेल्या चित्रातून कोवळा, चिडका टाहो फुटला.

"रडली," मैत्रेयी पुटपुटली. "अक्का, ऐकलं तिनं."

पाठ हुळहुळत होती. ती तशीच वाकून राहिली.